उलट्या फेराची फुलं

हॉटेलच्या किचनमध्ये तिला सगळे सालीकाकू म्हणत. नवीन लागलेला वेटर हे नाव ऐकून पहिल्या दिवशी हमखास फिदीफिदी हसायचा. साली म्हटलं की त्याला बायकोची बहीणच आठवायची. मग सॅलडच्या टेबलावरची बाई त्याला तिथल्या तिथे सरळ करायची.

"हसतोस काय? फळाच्या साली, फळाच्या. त्या काकू नसत्या ना, तर तुझ्या ट्रेमध्ये नुसते उकडलेले बटाटे दिसले असते."

काम खरोखरच सालींचं होतं. टोमॅटोच्या सालीचा गुलाब, संत्र्याच्या सालीची स्प्रिंग, लिंबाच्या सालीची गाठ, कलिंगडाच्या हिरव्या पाठीतून कोरलेली पानं. बाकी जग जे सोलून टोपलीत टाकतं, ते ती ताटाच्या कडेला नेऊन ठेवायची. पाहुणे बहुतेक वेळा ते दोन बोटांनी उचलून बाजूला सारायचे आणि जेवायला लागायचे. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. बाजूला सारायच्या आधी ते बघत, तेवढं तिला पुरत होतं.

एकोणीस वर्षं ती हे करत होती. त्याआधी तीन वर्षं त्याच किचनमध्ये भांडी घासत होती. तेव्हा फुलं करायला एक म्हातारा होता. अतिशय खडूस. कुणी जवळ उभं राहिलं तरी अंगाआड सुरी धरायचा. पण त्याची बिघडलेली फुलं खरकट्या ताटांबरोबर मोरीवर यायची. ही ती उचलायची, उलगडायची, कुठून सुरुवात केली आणि कुठे संपवली ते बघायची, परत गुंडाळायची. साबणाच्या फेसात उभी राहून ती असं वर्षभर शिकली. म्हातारा मुलाकडे राहायला गेला, तेव्हा आता कोण, असा प्रश्न पडला. त्या वेळी किचनमध्ये हाताखाली असलेल्या एका तरुण आचाऱ्यानं तिच्या हातात टोमॅटो दिला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही रोज मोरीवर काय करता ते मला दिसतं. करा."

दोनदा साल तुटली. तिसऱ्यांदा गुलाब झाला. दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळचं संगमरवरी टेबल तिचं झालं. वाकड्या चोचीची बारकी सुरी, बर्फाच्या पाण्याचं पातेलं, ओलं फडकं, स्प्रिंग गुंडाळायची काठी. भांड्यांच्या मोरीकडे तिची पाठ असायची, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

तो तरुण आचारी पुढे शेफ झाला. केस पांढरे झाले, पोट सुटलं, पण तिला तो काकूच म्हणायचा. टोमॅटोच्या बुडाची चकती कशी राखायची, तिथून एकसलग पट्टी कशी काढत न्यायची, संत्र्याच्या सालीचा पांढरा गर किती खरवडायचा, हे तो तिच्याच टेबलाशी उभा राहून शिकला होता. तिनं त्याला एक गोष्ट बजावली होती. ट्रेमध्ये फुलं ओळीनं मांडायची असतील तर सगळ्यांच्या पाकळ्यांचा फेर एकाच बाजूला हवा. "एक इकडे फिरतंय, एक तिकडे फिरतंय, असं झालं तर नवरा-बायको भांडून बसल्यासारखी दिसतात," असं ती म्हणायची.

गेल्या थंडीत तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला खाज सुटली. मग तर्जनीला. तिला वाटलं, साबण बदलला म्हणून. साबण परत बदलला. खाजेच्या भेगा झाल्या, आणि मग भेगांच्या कडेनं कातडी सुटायला लागली, पातळ, अखंड, ओढली तर लांबपर्यंत येणारी. डाव्या हातालाही तेच. टोमॅटोचा रस भेगेत गेला की डोळ्यांत पाणी यायचं. सॅलडवालीनं विचारलं तर ती म्हणायची, "कांद्यानं." सॅलडवाली म्हणायची, "कांदा माझ्या टेबलावर आहे, काकू."

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं एका मागोमाग एक तीन मलमं आणली आणि चौथ्या वेळी हात झटकले.

"आई, हे मलमानं जाणार नाही. डॉक्टरला दाखव."

डॉक्टर कातडीचा होता, घाईतला होता. तिचे तळवे दिव्याखाली धरून त्यानं विचारलं, "साल कधीपासून निघतेय?"

"एकोणीस वर्षं झाली," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान वर केली. "एकोणीस?"

"आई, हाताची विचारतायत," लेक म्हणाली.

त्यानं तिच्या पाठीवर छोट्या छोट्या चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा दोन चौकोन लालभडक सुजले होते. संत्रं आणि लिंबू. फळ नव्हे, सालीतलं तेल.

"ते तेल तुमच्या अंगाला चालत नाही."

"इतकी वर्षं चाललं की."

"तसंच असतं. शरीर बरीच वर्षं सोसतं आणि मग एक दिवस नाही म्हणतं. एकदा नाही म्हटलं की परत हो म्हणत नाही."

"त्याला गोळी?"

"गोळी देतो. पण साल सोडली तरच उपयोग. आणि या भेगा आहेत तोवर टोमॅटो नको, आंबट काहीच नको. पाण्यात हात घालायचा नाही."

"साल सोडली तर मी करू काय?"

डॉक्टर चांगला माणूस असावा, कारण तो उत्तर द्यायच्या भानगडीत पडला नाही. त्यानं गोळीचं नाव लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आल्यावर लेक म्हणाली, "शेफला सांगून टाक ना. दुसरं काम देतील."

"कुठलं दुसरं? भांडी घासायची तर पाणी. भाजी धुवायची तर पाणी. सॅलड म्हटलं तर दिवसभर लिंबू. त्या किचनमध्ये कोरडं काम एकच आहे, मालकाचं."

यावर नवरा मोठ्यानं हसला, आणि मग दोघी हसत नाहीत हे बघून थांबला.

नवरा बस चालवायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात तो अजूनही दर दहा मिनिटांनी उठून खिडकीतून मागे बघायचा, मागची गाडी किती अंतरावर आहे ते पाहिल्यासारखं. नळ गळत नसले तरी पान्यानं आवळायचा, मग ते गळायला लागायचे. तीन दिवस तो नुसता तिच्या हातांकडे बघत होता. चौथ्या दिवशी ती रबरी मोजे घालून स्वयंपाकघरात टोमॅटोवर प्रयत्न करत होती. जाड मोज्यातून सालीची जाडी कळेना. पातळ मोजे घातले तर सुरीच्या टोकानं फाटले. सातव्यांदा पट्टी तुटली, तेव्हा तो समोरची खुर्ची ओढून बसला.

"मला शिकव."

"तुम्हाला?"

"बत्तीस वर्षं बस वळवली मी. टोमॅटो वळवता येणार नाही?"

"बसला साल नसते."

"तू शिकव तर."

तो डावखुरा होता. सुरी डाव्या हातात घेऊन तिच्या समोर बसला. ती उजव्या हातानं रिकाम्या हवेत सुरी धरल्यासारखं करून दाखवायची, तो डाव्या हातानं टोमॅटोवर तसंच करायचा. आरशात बघितल्यासारखं सगळं जुळत होतं, त्यामुळे शिकवणं सोपं गेलं. अवघड गेलं ते हात न लावणं. सुरी खोल जाताना तिला दिसायची, पुढच्या क्षणाला पट्टी तुटणार हे कळायचं, आणि तिला मांडीवर हात दाबून बसावं लागायचं.

"वर, वर, वर... अहो वर घ्या!"

"वरच घेतोय."

"ही साल आहे की फोड? याला देठ लावा आणि परत झाडाला टांगा."

"बायको शिकवायला लागली की असंच," तो लेकीला म्हणायचा. "आमच्या डेपोत शिकाऊ ड्रायव्हरला कुणी ओरडत नसे. एकदम ब्रेकच मारत."

सोललेल्या टोमॅटोंचा ढीग पडायचा. तीन आठवडे घरात टोमॅटोचं सार, टोमॅटो भात, टोमॅटो नुसताच मीठ लावून. लेक संध्याकाळी दुकानातून आली की झाकण न उघडताच म्हणायची, "मी बाहेर खाऊन आले." बाजारात तो संत्री घ्यायचा ती फक्त सालीकडे बघून. प्रत्येक संत्रं अंगठ्यानं चोळायचा, फिरवून बघायचा, डाग दिसला की ठेवायचा. फळवाल्यानं एकदा विचारलं, "काका, लग्न जमवताय का?"

एक दिवस पट्टी बुडापासून शेंड्यापर्यंत न तुटता आली. त्यानं श्वास रोखून ती गुंडाळली, चकतीवर बसवली आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.

"हं," ती म्हणाली.

"हं काय? फूल आहे हे."

"कोबी आहे."

पण ती ताटली तिनं दोन वेळा फिरवून पाहिली. पुढच्या आठवड्यात कोबीचे गुलाब झाले.

मग रोजचा क्रम बसला. तो पहाटे उठून चहा व्हायच्या आत वीस-बावीस फुलं करायचा. आधी दोनदा हात धुवायचा, टेबल पुसून घ्यायचा. ती ओल्या फडक्यात फुलं मांडून चपट्या स्टीलच्या डब्यात भरायची आणि सातच्या पाळीला न्यायची. किचनमध्ये मोजे घालून ती फक्त कलिंगडाची पानं कोरायची आणि काकडीचे पंखे करायची, त्याला फारशी नाजूक बोटं लागत नाहीत. डब्यातली फुलं पातेल्याच्या आडून एकेक काढून ताटात ठेवायची. एका ताटाला एक फूल. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मोजे घालायचा नियम होताच, आजवर तीच तो मोडत आली होती, त्यामुळे उलट शेफ एकदा म्हणाला, "वा काकू, शेवटी तुम्हीपण सुधारलात."

आपण चूक करतोय हे तिला माहीत होतं. बाहेरचं अन्न किचनमध्ये आणायचं नाही हे दारावरच लिहिलं होतं, आणि नवीन आलेल्यांना ती पाटी तीच वाचून दाखवायची. पण तिचे हात जरा कोरडे पडले होते, भेगा मिटायला लागल्या होत्या. तिला वाटायचं, आणखी दोन महिने. मग कदाचित हात परत हो म्हणतील. डॉक्टरनं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी तिला असं वाटायचं.

दोन महिने झाले आणि दुपारच्या मोठ्या जेवणाची ऑर्डर आली. लांब ट्रे, कडेनं दोन्ही बाजूंना गुलाबांची ओळ. साठ गुलाब.

"तीस जमतील," नवरा म्हणाला. "जास्तीत जास्त तीस. त्यापुढे बोटं ऐकत नाहीत."

उरलेले तीस तिनं स्वतः करायचे ठरवले. किचनमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन, मोजे काढून, खिडकीकडे तोंड करून. टोमॅटोचा रस मिटत आलेल्या भेगांत उतरला तशी ती तोंडातल्या तोंडात आकडे म्हणायला लागली. एक, दोन, तीन. तिसाव्या गुलाबानंतर तिनं हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले, मग मोजे चढवले. डबा उघडून नवऱ्याची तीस फुलं काढली. घाई होती. एक ओळ त्याची, एक तिची, अशी मांडून झाली.

शेफ ट्रे बघायला आला. रोज तो एक नजर टाकून "चला" म्हणायचा. आज थांबला. ट्रेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. मग एका ओळीतलं एक आणि दुसऱ्या ओळीतलं एक अशी दोन फुलं उचलून तळहातावर शेजारी शेजारी ठेवली.

"काकू, ही कुणी केली?"

"मी."

"हे तुम्ही केलंय. हे तुम्ही नाही केलेलं."

"असं कसं?"

"फेर बघा."

तिनं पाहिलं. तिचा गुलाब उजवीकडे फिरत आत गेला होता. नवऱ्याचा गुलाब डावीकडे फिरत आत गेला होता. तिनं ट्रेकडे पाहिलं. एक पूर्ण ओळ इकडे, एक पूर्ण ओळ तिकडे. तीस जोडपी भांडून बसली होती. घरच्या टेबलाशी समोरासमोर बसून तिनं त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल पाहिली होती, आणि ती सगळी तिला आपल्यासारखीच दिसली होती. दोन महिने ताटात एकेकच फूल जात होतं, शेजारी शेजारी कधी आलंच नव्हतं.

"हे डाव्या हाताचं काम आहे," शेफ हळू आवाजात म्हणाला. "आपल्याकडे डावखुरं कोण आहे?"

"मी," शेजारच्या टेबलावरून सॅलडवाली म्हणाली. "मी केली मदतीला."

"तू? तुला काकडी सरळ कापता येत नाही."

"डाव्या हातानं कापून कुठे पाहिलीय अजून?"

कुणी हसलं नाही. शेफ म्हणाला, "काकू, मोजे काढा."

तिनं काढले. त्यानं हात पाहिले. "आमचे हे करतात, घरी," ती म्हणाली. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं, तिच्याकडे उत्तरं तयार होती. पण त्यानं फक्त बाही वर केली आणि नवऱ्याची तीस फुलं एकेक करून स्वतःच्या हातानं उचलली आणि कचऱ्यात टाकली. तिनं आपली तीस अंतर ठेवून दोन ओळींत पसरली. ट्रे वेळेवर बाहेर गेला. गुलाब कमी आहेत असं बाहेर कुणालाही वाटलं नाही.

जेवणं आटोपल्यावर शेफनं तिला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं. दोघं एकाच वयाची असल्यासारखी दमून बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन महिने."

"घरून आणलेलं ताटात जात होतं, काकू. उद्या कुणाला काही झालं असतं तर?"

"आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं. ते दोनदा हात धुतात. टेबल पुसतात."

"मला माहीत आहे. पण हे मी कुणाला जाऊन सांगू?"

तिनं मोज्यांची घडी घालून ते त्याच्या टेबलावर ठेवले.

"मी कुणाला बोलणार नाही," तो म्हणाला. "हातांमुळे जमत नाही एवढंच सांगतो. महिनाअखेरीपर्यंत रजा दाखवतो. पण आता तुम्हाला टेबलावर ठेवता येणार नाही. बाकी कुठे ठेवू, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तिथे ठेवतो."

त्यानं खरंच विचारलं होतं. तिनं खरंच विचार केला. मोरी, भाजी, थंड खोली, मांस, पीठ मळायचं टेबल, एकेक करून सगळं किचन डोळ्यांपुढून नेलं. सगळीकडे पाणी होतं. तोही बहुधा तेच करत होता, कारण दोघांनी साधारण एकाच वेळी मान हलवली.

"माझ्या जागी कुणाला घेणार?"

"कुणालाच नाही." हे त्यानं तिचा मान राखायला सांगितलं. मग खोटं बोलवेना म्हणून पुढचंही सांगितलं. "मालक बरेच दिवस म्हणतायत. आता लोकांना साधं आवडतं. एखादं पान ठेवलं तरी पुरतं. जेवायच्या आधी फोटो काढतात, त्यात फूल मध्ये येतं म्हणे."

"मी कुणाला शिकवीन. हात न लावता. समोर बसून नुसतं सांगून."

"शिकायला कोण येणार, काकू?"

ती उठली. दाराशी पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "फुलं चांगली होती. काकांना सांगा."

तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. पाटीवरचा नियम, हात, मालकाचं म्हणणं, फोटो, सगळं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डावा तळवा वर करून बघत बसला.

"म्हणजे माझ्या हातामुळे."

"नाही हो. काय सांगतेय मी इतका वेळ?"

"फेर बरोबर असता तर त्याला कळलं असतं का?"

कळलं नसतं, हे खरं होतं.

"चुकीच्या बाजूला वळवलं मी," तो म्हणाला. आयुष्यभर ज्या कामात हीच एक चूक सगळ्यात मोठी मानली जायची ते काम त्यानं केलं होतं, त्यामुळे बाकीचं त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुरी उजव्या हातात घेतली.

ती म्हणाली, आता कशाला? तो म्हणाला, असू दे. ती म्हणाली, अहो, जागाच राहिली नाही. तो म्हणाला, बघू या तरी. उजव्या हातानं त्यानं आयुष्यात फक्त स्टिअरिंग धरलं होतं. पहिल्याच दिवशी सुरी डाव्या अंगठ्यात गेली. लेकीनं पट्टी बांधली आणि बापाला झापलं, तो पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं टोमॅटो धरून परत बसला. आता समोर बसून शिकवून चालेना, आरसा उलटा पडत होता. ती खुर्ची उचलून त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. आपला उजवा हात त्याच्या उजव्या हाताच्या वर, दोन बोटांचं अंतर ठेवून धरायची. साल सुरीखालून सरकताना तिला अगदी जवळून दिसायची. तिचे हात आता बरेच बरे झाले होते. भेगा नव्हत्या. नवी गुलाबी कातडी आली होती. एकदा न राहवून तिनं त्याच्या हातातलं संत्रं घेतलं आणि एकच पट्टी काढली. संध्याकाळपर्यंत बोटं फुगली.

"खाल्लीस माती?" लेक म्हणाली.

"एकच काढली गं."

"एक काय नि शंभर काय."

अकराव्या दिवशी त्यानं सहा गुलाब केले. सगळ्यांचा फेर उजवीकडे. मग त्यानं इस्त्रीचा शर्ट काढला, केस विंचरले आणि फुलं डब्यात भरायला घेतली.

"कुठे निघालात?"

"शेफला दाखवून येतो."

"अहो, नका जाऊ. तिथे आता कुणाला फुलं नकोयत. मी सांगितलं ना तुम्हाला."

"नुसती दाखवायला काय हरकत आहे? सांगतो, आता बरोबर बाजूला वळतंय."

"बाबा, काहीतरीच काय," लेक म्हणाली, "आईची लाज काढाल."

"चांगलं काम दाखवण्यात कसली लाज?"

ती दारात उभी राहिली होती. आडवी होऊन उभी राहिली असती तर तो गेला नसता, एवढं तिला कळत होतं. पण अकरा दिवस त्याच्या शेजारी बसून ती फुलं तिनंच करून घेतली होती. ती बाजूला झाली. तो डबा दोन्ही हातांनी आडवा धरून, हलू नये म्हणून एकेक पायरी बघत खाली गेला.

दुपारी परत आला तो रिकामा डबा बोटावर फिरवत. चपला काढायच्या आधीच सांगायला लागला. मागच्या दारी बाकावर बसवलं. चहा दिला. अर्ध्या तासानं शेफ स्वतः बाहेर आला, हात पुसत. डबा उघडला. सहाच्या सहा फुलं उचलून, फिरवून बघितली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, फेर अगदी बरोबर आहे."

"आणि?"

"आणि ठेवून घेतली. मी म्हटलं, दाखवायला आणलीत. तर म्हणाला, नाही, एकही परत नेऊ नका, राहू द्या."

बाहेरचं फूल त्या दारातून किती पावलं आत जाऊ शकतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती टाकायला शेफनं दार बंद व्हायची वाट पाहिली असेल, तेवढा तो भला होता.

"परत बोलावलंय का?" लेकीनं विचारलं.

"असं स्पष्ट नाही म्हणाला. पण ठेवून घेतली म्हणजे काय ते समज की." तो तिच्याकडे वळला. "उद्या किती करू?"

त्याच्या डाव्या अंगठ्याची पट्टी रसानं लाल-पिवळी झाली होती. शर्टाची इस्त्री बाकावर बसून पाठीशी मोडली होती. लेक भुवया उंचावून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"सहाच करा," ती म्हणाली. "जास्त नकोत. आणि शेवटची पाकळी जाड राहते तुमची, ती जरा पातळ घ्या."

"घेतो की." त्यानं खुंटीवरची पिशवी काढली. "टोमॅटो संपलेत. आत्ताच आणतो, नंतर चांगले मिळत नाहीत."

तो गेल्यावर लेक म्हणाली, "आई, हे काय? कधी सांगणार आहेस त्यांना?"

"तू सांग."

"मी?"

"तू सांग. मी अडवणार नाही."

लेक खिडकीशी गेली. खाली भाजीवाल्यापाशी तो टोमॅटो एकेक उचलून उन्हात धरून बघत होता. दोन-चार नापसंत केले, एक बाजूला ठेवला. थोड्या वेळानं पिशवी घेऊन जिना चढून वर आला, आणि लेकीनं पुढे होऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली, टोमॅटो धुतले आणि टेबलावर पुसून ओळीनं मांडून ठेवले.